खडकीच्या दगडावरचं स्कॉटिश नाव: त्याच्या घरापर्यंत कसं पोचायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खडकीच्या युद्धस्मशानभूमीत, १९१४-१८ च्या स्मारकावर, 'ब्लॅक वॉच' या स्कॉटिश पलटणीखाली तुम्हाला एका प्रायव्हेटचं, म्हणजे साध्या शिपायाचं, नाव दिसलं. युद्धात गेलेल्यांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधल्यावर त्याचा नंबर आणि १९१६ मधली मृत्यूची तारीख मिळाली. वय नाही, आईवडिलांची नावं नाहीत, गाव नाही. हा माणूस कोण, पुण्यात कसा आला, त्याच्यामागे घरी कोण होतं, आणि आज त्याचं कोणी सापडेल का?

बहुधा सापडेल. मी एडिनबरामध्ये राहते आणि गेली अठरा वर्षं इथल्या सरकारी दप्तरखान्यात, जनरल रजिस्टर हाऊसमध्ये, बसून असेच माग काढते. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकीचं सगळं उत्तर तिच्याभोवतीच फिरणार आहे: आधी त्याची आई शोधा, तो तिच्यामागून येतो. लष्कराच्या कागदांत तो एक नंबर आहे आणि त्याच नावाचे, त्याच गावचे आणखी दोन-चार जण सहज निघतात. आई मात्र तिच्या माहेरच्या नावासकट एकच असते. आणि स्कॉटलंडच्या दप्तराने बाईचं माहेरचं नाव कधी पुसलं नाही.

पण तो पुण्यात कसा आला ते आधी पाहू. कुठले कागद असतील हे त्यावरून ठरतं. ते स्मारक म्हणजे कबर नाही. भारतातल्या नागरी आणि छावणीच्या दफनभूमींत पुरलेले, पण ज्यांच्या कबरी पुढे नीट सांभाळणं शक्य राहिलं नाही, अशा पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून अधिक जणांची नावं तिथे एकत्र कोरली आहेत. त्यांपैकी ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून उचलून खडकीला आणले. म्हणजे तुमचा शिपाई मुंबईत वारला असेल तर तो बहुधा खरोखरच त्या आवारात आहे. दुसऱ्या एखाद्या छावणीत वारला असेल तर खडकीत फक्त त्याचं नाव आहे. हा फरक पुढे घरच्यांना सांगावा लागतो, म्हणून आत्ताच लिहून ठेवा.

ब्लॅक वॉचचा माणूस १९१६ मध्ये हिंदुस्थानात वारला, याचा सगळ्यात साधा अर्थ मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. या पलटणीची दुसरी बटालियन युद्धाआधी बरेलीला होती. मीरत डिव्हिजनबरोबर ती ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्सला उतरली आणि १९१५ संपताना तिला बसऱ्याकडे हलवलं. कारण तिथे कुत या गावाला ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा पडला होता, आणि आत अडकलेली होती ती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी होत्या. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुमच्या आजोबांचे काका ११७ व्या मराठामध्ये होते आणि परत आले नाहीत. मग हे जरा थांबून वाचा. त्यांना सोडवायला जी फौज तैग्रिसच्या काठाकाठाने वर चालली होती, तिच्यात ब्लॅक वॉच होती. ७ जानेवारी १९१६ ला शेख सादला त्यांची मोठी हानी झाली. २१ जानेवारीला हन्ना इथे, पावसात आणि चिखलात, उरलेली बटालियन जवळपास संपली. त्यानंतर ब्लॅक वॉचची दुसरी आणि सीफोर्थ हायलँडर्सची पहिली बटालियन इतकी रोडावली की काही महिने दोन्ही मिळून एकच 'हायलँड बटालियन' लढत होती. २९ एप्रिलला कुत पडलं.

जखमी आणि आजारी लोक नदीतून बसऱ्याला आणि तिथून रुग्णजहाजांनी मुंबईला यायचे. त्या वाटेवरची वैद्यकीय व्यवस्था इतकी कोसळली होती की १९१७ मध्ये मेसोपोटेमिया कमिशनने तिच्यावर कडक अहवाल दिला. जखमेपेक्षा आमांश, विषमज्वर आणि उष्माघात यांनी गेलेले लोक तिथे कमी नव्हते. तुमचा शिपाई याच वाटेने आला असावा असा माझा अंदाज आहे. आता तो कागदांवर तपासायचा.

वॉर ग्रेव्हज कमिशनच्या पानावर जो नंबर मिळाला, तो जसाच्या तसा उतरवा, पुढच्या अक्षरासकट. हायलँड पलटणींमध्ये नंबराच्या आधी 'एस/' असेल तर माणूस युद्ध सुरू झाल्यावर युद्धमंत्री किचनरच्या हाकेला भरती झालेला. '३/' असेल तर स्पेशल रिझर्व्हचा, म्हणजे आधी थोडं प्रशिक्षण घेऊन घरी नोकरीधंदा करणारा. नुसता आकडा असेल आणि बटालियन दुसरी असेल, तर तो युद्धाआधीपासूनचा कायम नोकरीतला असण्याची दाट शक्यता. मग त्याने हिंदुस्थान आधीच पाहिलेला होता. अशा वेळी १९११ ची शिरगणती स्कॉटलंडच्या कागदांत शोधून तो मिळत नाही. परदेशातल्या ब्रिटिश पलटणी त्या वर्षी इंग्लंड आणि वेल्सच्या शिरगणतीत मोजल्या होत्या. त्याचं वय आणि जन्मगाव तिथे मिळतं. लोक इथे वर्षानुवर्षं अडकून बसलेले मी पाहिलेत.

त्याच पानावरचे मूळ कागदही उघडून पाहा. वय आणि आईवडील ही माहिती युद्धानंतर, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, घरच्यांना फॉर्म पाठवून गोळा केली होती. फॉर्म परत आला नाही तर जागा कोरी राहिली. कोरी जागा म्हणजे घरी कोणी नव्हतं, असं समजू नका. घर बदललेलं असायचं, आई वारलेली असायची, कधी पत्र उघडायचीच ताकद नसायची. आणि जिथे पत्ता असतो तिथेही तो १९२० नंतरचा असतो. मुलगा त्या घरात कधी राहिलाच नसेल असंही होतं.

यानंतर 'सोल्जर्स डाइड इन द ग्रेट वॉर' ही यादी. ती १९२१ मध्ये ८१ भागांत छापली गेली, आज ती ऑनलाइन शोधता येते. जन्म कुठे, भरती कुठे, कधीकधी राहायला कुठे, आणि मृत्यू कसा, एवढंच तिच्यात असतं. पण मृत्यूचे तीन शब्द नीट वाचायचे: लढताना मारला गेला, जखमांनी वारला, आणि नुसतं 'वारला'. नुसतं 'वारला' म्हणजे आजार किंवा अपघात. जन्मगावाचं नाव मात्र शिपायाने भरतीच्या टेबलापाशी तोंडी सांगितलेलं असतं. ते कारकुनाला जसं ऐकू आलं तसं उतरलं. म्हणून या गावावर घर बांधायला जाऊ नका, फक्त दिशा घ्या.

तुम्ही पुढे विचारलंय की त्याची 'सर्व्हिस फाइल' मिळेल का. कदाचित नाही. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यात ज्या गोदामाला आग लागली, तिथेच पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांच्या फायली होत्या. साधारण ६० टक्के जळाल्या. उरलेल्यांत कडा करपलेले, पाण्याने फुगलेले कागद आहेत; लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये त्यांना 'जळके कागद' असंच म्हणतात. एकदा शोधून पाहा, मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर हातपाय गाळू नका. मी आजवर घरापर्यंत पोचवलेल्या शिपायांपैकी बहुतेकांची फाइल जळालेलीच होती.

खरं घर कळतं ते पैशांच्या वहीतून. लष्कराने मृत शिपायाचा थकलेला पगार कोणाला दिला याची एक वही ठेवली: 'सोल्जर्स इफेक्ट्स' रजिस्टर. मूळ वह्या लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमकडे आहेत, प्रतिमा अँसेस्ट्री या संकेतस्थळावर मिळतात. एका ओळीत नाव, नंबर, मृत्यूची तारीख आणि जागा. जागा इथे अनेकदा जास्त नेमकी असते, रुग्णजहाजाचं किंवा इस्पितळाचं नावसुद्धा. आणि शेवटच्या रकान्यात पैसे घेणाऱ्याचं नाव: आई, विधवा, वडील. लग्न झालेलं नसेल आणि आईवडील दोघंही गेलेले असतील तर भावंडांत रक्कम वाटलेली असते, आणि त्यात लग्न झालेल्या बहिणी सासरच्या आडनावाने येतात. ही एक ओळ मला दहा फायलींपेक्षा मोलाची वाटते. एकदा एका शिपायाच्या सात भावंडांची नावं मला अशी एका दमात मिळाली होती, प्रत्येकाला काही शिलिंग.

त्याच ओळीत नंतर भरलेली 'वॉर ग्रॅच्युइटी' नावाची रक्कम असते. ती नोकरीच्या महिन्यांवरून ठरायची, त्यामुळे उलटा हिशेब करून भरतीचा महिना साधारण काढता येतो. फाइल जळालेली असताना हा हिशेब फार उपयोगी पडतो.

दुसरे कागद पेन्शनच्या कार्डांचे. ही लाखो कार्डं नष्ट होण्याच्या बेतात होती. वेस्टर्न फ्रंट असोसिएशन या संस्थेने ती वाचवली आणि आता ती ऑनलाइन आहेत. विधवेच्या कार्डावर मुलांच्या जन्मतारखा असतात. तिने पुन्हा लग्न केलं तर तिला एकरकमी पैसे देऊन पेन्शन बंद व्हायची आणि तशी नोंद कार्डावर यायची. ही नोंद दिसली की तिचं नवं आडनाव विवाहनोंदीत शोधता येतं. नाहीतर ती आणि मुलं तुमच्या हातातून कायमची निसटतात. लग्न न झालेल्या मुलाची आई त्याच्यावर अवलंबून होती असं ठरलं तर तिचंही कार्ड असतं.

आणि मृत्युपत्र. यावर थोडी रेंगाळते, कारण मला हे कागद सगळ्यात जवळचे वाटतात. प्रत्येक शिपायाच्या पगारपुस्तिकेत मृत्युपत्राचं एक पान असायचं. मोहिमेवर जाण्याआधी ते भरून ठेवायला सांगायचे. स्कॉटलंडमध्ये घर असलेल्या शिपायांची अशी सुमारे ३१,००० मृत्युपत्रं इथल्या नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये जपलेली आहेत, त्यांतली सुमारे २६,००० पहिल्या महायुद्धातल्या साध्या सैनिकांची. 'स्कॉटलंड्स पीपल' या सरकारी संकेतस्थळावर ती पाहता येतात. बहुतेकांत दोनच ओळी: मी मेलो तर माझं जे काही आहे ते सगळं माझ्या आईला, आणि खाली तिचं नाव, गल्ली, गाव. काही जणांनी पान भरलंच नाही, पण घरी लिहिलेल्या एखाद्या पत्रात तसं म्हटलं होतं; मग ते पत्रच मृत्युपत्र म्हणून दाखल झालं. अशा पत्रात मोजे मिळाल्याचं, धाकट्याने शाळा सोडू नये असं काहीबाही असतं. त्याच्या हातचं अक्षर जगात कदाचित तेवढंच उरलेलं असतं. तुमच्या शिपायाचं मृत्युपत्र असेलच असं नाही, पण शोध फुकट आहे. आज रात्रीच पाहा.

इथून आपण लष्कर सोडून घरात शिरतो.

स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्याआधीची चर्चची दप्तरं आहेत. 'स्कॉटलंड्स पीपल'वर ही दोन्ही आणि १८४१ ते १९२१ च्या शिरगणत्या एकाच ठिकाणी आहेत. सूची शोधायला पैसे पडत नाहीत, मूळ पानाची प्रतिमा उघडायला थोडे पडतात. इंग्लंडच्या नोंदींची सवय असलेला माणूस इथे आला की हरखून जातो. इथल्या जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, बापाचा धंदा असतो, जन्माची वेळ असते आणि आईवडिलांचं लग्न कुठे, कुठल्या तारखेला झालं तेही असतं. लग्नाच्या नोंदीत वर आणि वधू दोघांच्याही आईवडिलांची नावं, आयांच्या माहेरच्या आडनावांसकट. मृत्यूच्या नोंदीतही तेच. ऐंशी वर्षांची म्हातारी वारली तरी तिच्या आईचं माहेर कागदावर येतं. आपल्याकडे घरच्या पत्रिकेत कधी 'माहेरची अमुक' लिहितात, तसं इथे सरकारनेच लिहून ठेवलंय.

म्हणून शिपायाच्या एका जन्मनोंदीवरून आईवडिलांच्या लग्नाची तारीख मिळते, त्या लग्नावरून चारही आजी-आजोबा मिळतात, आणि दोन पानांत तुम्ही दोन पिढ्या मागे जाता.

अडचण असते ती बरोबर जन्मनोंद निवडण्याची. मी केलेल्या एका कामात ब्लॅक वॉचचाच, डंडी शहरातला शिपाई होता. त्याच नावाची दोन मुलं डंडीत दीड वर्षाच्या अंतराने जन्मलेली. दोघांचे बाप ज्यूटच्या गिरणीत, दोघांच्या आया मेरी. शिपायाचं वय दोघांनाही लागू पडत होतं. पैशांच्या वहीत फक्त 'आई, मेरी' होतं. मग पेन्शनच्या कार्डावरचा पत्ता घेतला आणि तो १९१५ च्या व्हॅल्युएशन रोलमध्ये पाहिला. ही करआकारणीची यादी, तिच्यात प्रत्येक घराचा मालक, भाडेकरू आणि भाडं असतं. त्या पत्त्यावर एका विधवेचं नाव होतं. दोन मेरींपैकी एकीचा नवरा १९२३ पर्यंत जिवंत होता, दुसरीचा १९०९ मध्ये गेला होता. त्याच्या मृत्यूच्या नोंदीखाली मोठ्या मुलाची सही होती आणि पत्ता तोच. तेव्हा कुठे मी ती जन्मनोंद पक्की धरली.

इतकं काटेकोर असायला एक कारण आहे. या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी इंटरनेटवर कोणीतरी टाकलेली वंशावळ खरी मानली आणि एका कुटुंबाला त्यांचा म्हणून दुसऱ्याच माणसाचा शेवट कळवला. त्या घरातल्या आजींनी त्या तारखेला चर्चमध्ये प्रार्थना केली होती. वर्षभराने मला चूक कळली आणि मीच त्यांना पुन्हा पत्र लिहिलं. तेव्हापासून एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन कागद एकच घर दाखवेपर्यंत मी कुणालाही काही सांगत नाही. तुम्हीही हे पाळाच.

नावांबद्दल थोडं. जुन्या स्कॉटिश घरांत पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या; पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या. हा रिवाज सगळ्यांनी पाळला नाही, पण नातवात आजोबा पाहायची सवय आपल्यालाही आहे, त्यामुळे तुम्हाला तो चटकन उमगेल. शिपायाचं मधलं नाव आडनावासारखं वाटत असेल तर ते बहुधा आईचं किंवा आजीचं माहेर आहे. ते आधी तपासा. घरातली नावं वेगळी असतात: जेसी ही कागदावर जॅनेट किंवा जेसिका, एफी ही युफेमिया, सँडी हा अलेक्झांडर. डोनाल्ड आणि डॅनियल, पीटर आणि पॅट्रिक हे एकाच माणसाचं नाव म्हणून अदलून-बदलून येतात. 'मॅक' (Mac) आणि 'मक' (Mc) दोन्ही स्पेलिंगांनी शोधा. आणि कमिशनच्या पानावर 'या नावाने नोकरी केली' असा शेरा असेल तर तो खोट्या नावाने भरती झालेला. वय लपवण्यासाठी, घरातून पळून आल्यामुळे, कधी बायको सोडल्यामुळे लोक असं करायचे.

बापाचं नाव जन्मनोंदीत नसेल तर समासात पाहा. नंतर कोर्टात पितृत्व सिद्ध झालं असेल तर दुरुस्तीच्या वेगळ्या वहीचा उल्लेख तिथे असतो.

आता त्याचं जगणं. नुसत्या तारखा जुळवून माणूस उभा राहत नाही. १९०१ ची शिरगणती उघडा, घरात किती माणसं आणि किती खोल्या ते वाचा. दोन खोल्यांत नऊ माणसं हे डंडीत आणि ग्लासगोत नेहमीचं होतं. १९११ च्या शिरगणतीत लग्न झालेल्या बाईला विचारलंय: किती वर्षं झाली लग्नाला, किती मुलं झाली, त्यांतली किती हयात आहेत. 'नऊ, पाच' असं उत्तर वाचलं की त्या आईकडे १९१६ ची तार येण्याआधीच किती मातीचे प्रसंग होऊन गेले होते ते कळतं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने जुने तपशीलवार नकाशे फुकट ठेवलेत. त्यावर त्याची गल्ली शोधा. गिरणी, शाळा, चर्च घरापासून किती पावलांवर होतं ते दिसतं. ज्या डंडीकराचा मी माग काढत होते तो बाराव्या-तेराव्या वर्षी गिरणीत लागला होता. त्याच्या हातून गेलेला ज्यूट बंगालमधून यायचा. हिंदुस्थानचा वास त्याला हिंदुस्थान पाहायच्या आधीपासून ठाऊक असणार.

गावची वर्तमानपत्रं सोडू नका. डंडीच्या दैनिकांत मृत आणि जखमी शिपायांचे छोटे फोटो, पत्ता, आधीची नोकरी, शाळा, आणि लष्करात असलेले भाऊ अशी माहिती छापून यायची. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये ती शोधता येतात. मृत्यूच्या तारखेनंतरचे दोन महिने तर पाहाच, शिवाय पुढच्या वर्षांतली तीच तारीखही. घरचे लोक वर्षश्राद्धासारखी दोन ओळींची आठवण छापायचे, आणि तिच्याखाली आई, बहिणी, कधी वाग्दत्त वधूचं नाव असायचं. लष्कराच्या एकाही कागदात त्या मुलीला जागा नाही. मला ती फक्त वर्तमानपत्रातच भेटली.

तुम्ही पुण्यात आहात तर हिंदुस्थानची बाजू तुम्हीच पाहा. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जायच्या; त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर प्रतिमा आहेत. तिथे वय, हुद्दा, पलटण, मृत्यूचं कारण, मृत्यूचा आणि दफनाचा दिवस, आणि अंत्यविधी करणाऱ्या पाद्र्याची सही मिळते. मृत्यू आणि दफन यांत एकाच दिवसाचं, कधी काही तासांचंच अंतर असतं. मुंबईच्या हवेत ते तसंच असणार. स्कॉटिश माणूस बहुधा प्रेसबिटेरियन, म्हणून चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पाद्र्याच्या नोंदी वेगळ्या पाहायला विसरू नका. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा माग काढणाऱ्या 'फिबिस' या संस्थेची सूची फुकट आहे, तिथून सुरुवात करा. बटालियनची युद्धरोजनिशी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे. तिच्यात साध्या शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण त्या दिवशी पाणी होतं का, रसद पोचली का, किती माणसं आजारी म्हणून मागे पाठवली, हे कळतं. पदकांच्या कार्डावर तो पहिल्यांदा कुठल्या आघाडीवर कधी उतरला ते असतं. १९१४ चा फ्रान्स असेल तर तो युद्धाआधीपासूनचाच, आणि माझा मघाचा अंदाज बराचसा पक्का होतो.

आज त्याचं कोणी आहे का, हे शेवटी. तो तरुण, बिनलग्नाचा गेला असेल तर त्याचा वंश बहिणींच्या पोटी शोधायचा. त्यांची लग्नं, मग मुलांचे जन्म, मग १९२१ ची शिरगणती. जन्माच्या प्रतिमा ऑनलाइन शंभर वर्षं, लग्नाच्या पंचाहत्तर आणि मृत्यूच्या पन्नास वर्षं बंद असतात. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यावर वाट अंधारते. तिथे मृत्युलेख आणि स्थानिक इतिहास मंडळं मदत करतात. अख्खं घरच नाहीसं झालं असं वाटलं तर जहाजांच्या प्रवासीयाद्या पाहा. युद्धानंतर स्कॉटलंडमधून कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे घरंच्या घरं निघून गेली.

जिवंत नातेवाइकांचा पत्ता मिळाला तर फोन करू नका. पत्र लिहा, एक पानाचं. तुम्ही कोण, नाव कुठे पाहिलं, आणि त्यांना उत्तर द्यायचं नसेल तर तुम्ही पुन्हा लिहिणार नाही, हेही त्यात असू द्या. कोणाच्या जन्माची, दुसऱ्या लग्नाची गोष्ट घरात कधी बोलली गेली नसेल, तर ती तुमच्या पत्रातून बाहेर पडता कामा नये.

डंडीच्या त्या शिपायाच्या बहिणीची नात मला भेटली तेव्हा तिच्याकडे कांस्याचं मोठं गोल पदक होतं. मृत सैनिकांच्या घरी सरकारने अशी तेरा लाखांहून जास्त पदकं पाठवली. त्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नसतो. पणजीने ते आयुष्यभर चुलीवरच्या फळीवर ठेवलं होतं, असं ती म्हणाली. घरात सगळ्यांना पाठ होतं: मामा बाँबेला, शिवडीला पुरलाय. १९६२ मध्ये त्याला खडकीला नेल्याचं त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि कळवायला पत्ताच उरला नव्हता. तिने मला दोनच गोष्टी विचारल्या: तिथे सावली आहे का, आणि कोणी येतं का तिथे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्याच्या नावाचा जवळून एक फोटो काढा, आणि मागे सरकून, झाडं आणि हिरवळ दिसेल असा दुसरा. सकाळचं ऊन तिरकं असताना कोरलेली अक्षरं नीट उठतात. नंबर पुढच्या अक्षरासकट मला लिहून पाठवा. पैशांच्या वहीतली त्याची ओळ मी या आठवड्यात काढते.